देवीचा चौक आणि दुकानाची छाप

दीपावली उंबरठ्याशी येऊन ठेपली की गृहिणीच्या हाती एक काम न सांगता येते. उंबरठा सारवून वा पुसून झाला की त्यावर ती रांगोळीच्या रेषा ओढते, बाजूला स्वस्तिक रेखाटते आणि मग लक्ष्मीची पावले उमटविते. ही पावले नेहमी घरात येणारी असतात. एखाद्या लहान मुलीने उत्साहाच्या भरात ती बाहेरच्या दिशेने काढलीच, तर आजी तिच्यावर रागावत नाही. ओल्या फडक्याने ती हळूच पुसते आणि म्हणते, "अगं, लक्ष्मी आत यायची आहे ना? मग पावले आत वळव बरे."

या लहानशा प्रसंगात आपल्या परंपरेची एक मोठी जाण दडलेली आहे. चिन्ह केवळ शोभेसाठी काढायचे नसते. त्याला दिशा असते, जागा असते, वेळ असते आणि ते काढणाऱ्या हाताला त्याचा अर्थ ठाऊक असावा लागतो.

आज या विशेष पानावर आम्ही जो विषय वाचकांपुढे मांडीत आहोत, तो प्रथमदर्शनी सणाशी संबंध नसलेला वाटण्याचा संभव आहे. मालाला नाव सुचविणारे, त्याचे बोधचिन्ह रेखाटणारे, त्याच्या वेष्टणाची अक्षरे व रंग ठरविणारे चार-पाच माणसांचे जे लहान स्वतंत्र कलाकक्ष गावोगावी निघाले आहेत, ज्यांना व्यापारी जगात 'डिझाइन एजन्सी' म्हणतात, त्यांच्याविषयी आम्हाला काही सांगावयाचे आहे. आपल्या जुन्या बाजारात या कामाच्या फळाला 'छाप' असा सुटसुटीत शब्द होता. अमुक छाप उदबत्ती, तमुक छाप काडेपेटी, असे आपले वाडवडील सहज म्हणत. मालावर उमटते ती छाप आणि माणसाच्या मनावर पडते तीही छापच. पूजेच्या ताटात आज जे जे येते, उदबत्ती, कापूर, कुंकू, वाती, उटणे, त्या प्रत्येकाच्या पुडक्यावर कोणाची तरी छाप असते, आणि पुष्कळदा त्या छापेत देवाचे चित्र असते. म्हणून हा प्रश्न जितका दुकानाचा, तितकाच देवघराचाही आहे.

सीमेवरील गाव

या प्रश्नाचा विचार करण्यास आम्हाला अच्छाडसारखे ठिकाण फार सोयीचे वाटते. पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील हे गाव मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर, महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेलगत आहे. अलीकडे डहाणू-तलासरीचा आदिवासी मुलूख, पलीकडे भिलाड, उंबरगाव आणि वापीची कारखानदारी. रात्रंदिवस मालमोटारींची रांग येथून वाहत असते. प्रत्येक मालमोटारीच्या कपाळी कोठे लिंबू-मिरची, कोठे स्वस्तिक, कोठे कुलस्वामिनीचे नाव. आणि आत खोक्यांवर शेकडो छापा. हमरस्त्याच्या कडेला उभे राहून तासभर नुसते वाचीत राहिले, तरी साऱ्या देशाच्या बाजाराचे एक पुस्तक डोळ्यांपुढून गेल्यासारखे होते.

याच महामार्गाने मुंबईहून येताना चारोटीच्या पुढे, विवळवेढे येथे, डहाणूच्या महालक्ष्मीचे प्रसिद्ध स्थान लागते. चैत्र पौर्णिमेपासून देवीची मोठी यात्रा भरते आणि आदिवासी, कोळी, आगरी, गुजराती असे नाना समाजांचे भाविक तेथे लोटतात. या पट्ट्यात मराठी आणि गुजराती दोन्ही भाषा कानावर पडतात. दुकानांच्या पाट्यांकडे पाहिले तर दोन लिप्यांचा शेजारधर्म दिसतो. देवनागरीला शिरोरेखा आहे, गुजरातीला ती नाही. एकच नाव दोन्ही लिप्यांत लिहून दोन्हीकडच्या गिऱ्हाइकाला ते एकाच घराण्याचे वाटेल असे करणे, ही अक्षरे रेखाटणाऱ्याची खरी परीक्षा असते. देवनागरीतील 'लक्ष्मी' डोक्यावर पदर घेतल्यासारखी दिसते. गुजरातीत तोच शब्द मोकळ्या माथ्याने उभा राहतो. दोहोंची चण, दोहोंचा तोल एक ठेवावा लागतो.

तथापि, दीपावलीच्या रात्री या सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच चिन्ह दिसते. वहीपूजनाच्या वेळी नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते आणि 'श्री' लिहिली जाते. कित्येक गुजराती पेढ्यांवर ती चढत्या ओळींत, वर एक, खाली दोन, मग तीन, अशी शिखरासारखी रचण्याची पद्धत आहे. व्यापाऱ्याची जगातली पहिली छाप कोणती, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही हे पान दाखवू. या छापेचा मालक कोणी नाही. ती नोंदवावी लागत नाही. तिच्याखाली जो जमाखर्च लिहावयाचा, तो खरा असला पाहिजे, एवढीच तिची अट आहे.

चौक मांडल्यावाचून लग्न नाही

तलासरी-डहाणूच्या मातीत चिन्हाविषयीची हीच शिकवण आणखी एका रूपाने जिवंत आहे. वारली समाजात विवाहप्रसंगी घराच्या भिंतीवर लग्नचौक काढतात. कुडाची भिंत शेणमातीने लिंपून गेरूने रंगवावयाची आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने, तीवर चौकोन उभा करावयाचा. हा मान सुवासिनींचा. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. ती सृष्टीच्या सुफलतेची देवता. भोवती झाडे, पशुपक्षी, माणसे. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री, ती देवीला बोलाविणारी गीते गाते. चौक मांडल्यावाचून लग्न लागत नाही.

या चौकाला विकत घेणारा कोणी नव्हता. तो एका घरासाठी, एका वधूवरांसाठी, एका मुहूर्ताला काढला जाई. काम झाले की पुढच्या दिवसांत भिंतीवरचा रंग उडत जाई, आणि त्याचे कोणाला दुःख होत नसे; कारण देवी ज्या कार्यासाठी आली होती ते पार पडलेले असे.

हे चित्र घराबाहेर कसे आले, याचा इतिहास वाचकांनी जाणून घेण्यासारखा आहे. जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहानपणीच आई गेली, आणि त्या आघाताने या मुलाची वाचाच जणू बसली. तो धुळीत बोटाने चित्रे काढून आपले मनोगत सांगू लागला. पुढे तो डहाणू तालुक्यात कलंबीपाड्याला राहावयास आला. सन १९७० नंतरच्या काळात मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात फिरले. त्यांनी त्यापूर्वी बिहारमध्ये मिथिलेच्या स्त्रियांना कागदावर चित्रे काढण्यास उत्तेजन दिले होते. त्यांची पारखी नजर मशे यांच्या हातावर पडली. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात मशे यांची चित्रे मांडली गेली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २०१८ साली ते निवर्तले.

या यशाबरोबर एक अडचणही आली. वारली आकृती सोपी दिसते. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की माणूस उभा राहतो. मग काय, पिशवी, कपबशी, पडदा, लग्नपत्रिका, उपाहारगृहाची भिंत, जिकडेतिकडे त्या आकृत्या नाचू लागल्या. ज्यांची ही विद्या, त्यांच्या पदरात त्यातले किती पडले हा प्रश्न आपोआप उभा राहिला. आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेऊन वारली चित्रकलेसाठी भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळविली, ती याच तळमळीतून. याच प्रदेशातील डहाणू-घोलवडच्या चिकूलाही २०१६ साली असे निर्देशन मिळाले आणि २०२१ साली हा चिकू त्या ओळखीसह इंग्लंडला रवाना झाला. गावाचे नाव हीच मालाची छाप ठरू शकते आणि ती एका शेठजीची नसून साऱ्या गावाची असू शकते, हे यातून सिद्ध झाले.

तरीही एक प्रश्न कायद्याच्या पलीकडे उरतो. तारपा नृत्याचा फेर, भातलावणी, मासेमारी ही लौकिक जीवनाची चित्रे. ती एखाद्या मालाच्या वेष्टणावर आली, योग्य मोबदला देऊन आणि कलावंताच्या नावासह आली, तर त्यात वावगे काही नाही. परंतु पालघट देवीचा चौक? जो सुवासिनींच्या हातून, लग्नघटिकेला, गीतांच्या साथीने उतरतो, तो बिस्किटाच्या पुड्यावर छापावा काय? येथे लहान कलाकक्षातील तरुण रेखाटनकाराला स्वतःच्या मनाशी उत्तर द्यावे लागते. गिऱ्हाईक त्याला अडविणार नाही. कायदाही बहुधा अडविणार नाही.

लक्ष्मीच्या नावाचा छापखाना

देवाचे चित्र आणि बाजार यांची गाठ महाराष्ट्रात कशी पडली, हेही पाहू. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघर पोहोचल्या. ज्यांना मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत जाता येत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर देव आले, हे त्या छापखान्याचे मोठे पुण्य होय. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला आणि देवचित्रांबरोबर मालाची लेबले व जाहिरातीही तेथे छापल्या जाऊ लागल्या. पूजेसाठी काढलेले चित्र मालाच्या अंगावर चढण्याची वाट अशी रुंदावली.

याच छापखान्यासाठी काम करणारे एक मराठी गृहस्थ होते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके. १९०८ साली त्यांनी लोणावळ्यास स्वतःचा ठसेकाम व छपाईचा कारखाना काढला. काम वाढले तसा तो दादरला आला आणि त्याचे नाव 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असे झाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तो एक लहान, स्वतंत्र मराठी कलाकक्षच होता, आणि त्याच्या दारावर लक्ष्मीचे नाव होते. परंतु भागीदारीत बेबनाव झाला आणि १९११ साली फाळके पदरी काही न घेता तेथून बाहेर पडले.

त्यानंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. १९१७ साली 'लंकादहन' आला. पडद्यावर श्रीराम दिसताच प्रेक्षक हात जोडीत, असे सांगतात. आम्हाला ही गोष्ट फार सूचक वाटते. देवाचे चित्र कागदावर असो की पडद्यावर, ते पाहताच भाविकाचे हात आपोआप जुळतात. ही शक्ती चित्र काढणाऱ्याने स्वतः निर्माण केलेली नसते. शतकानुशतकांच्या उपासनेची ती पुण्याई असते. चित्रकार ती उसनी घेतो. उसने घेतलेले ऋण कसे वापरावे, याचा विवेक त्याच्यापाशी असावयास हवा.

पुढच्या पिढीत दीनानाथ दलाल झाले. गोव्यातून मुंबईस आलेल्या या चित्रकाराने आपला स्वतंत्र कलाकक्ष उभारला आणि १९४५ साली 'दीपावली' हा वार्षिक अंक सुरू केला. आज आपल्या घरी दिवाळी अंक येतो तेव्हा त्याच्या मुखपृष्ठाकडे आपण प्रथम पाहतो, ही सवय महाराष्ट्राला लावण्यात दलालांचा आणि रघुवीर मुळगावकरांचा वाटा मोठा आहे. मुळगावकरांची देवदेवतांची चित्रे दिनदर्शिकांतून घरोघर गेली. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले आणि पंचांगातील तिथी, व्रते, मुहूर्त सामान्य गृहिणीला भिंतीवर वाचता येऊ लागले. कमल शेडगे यांनी नाटकांच्या व नियतकालिकांच्या नावांना असे अक्षररूप दिले की ते नाव वाचण्याआधीच ओळखू यावे. र. कृ. जोशी यांनी जाहिरातक्षेत्रात आणि पुढे मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये देवनागरीचा ध्यास घेतला. संगणकावर कोट्यवधी लोक ज्या 'मंगल' अक्षरवळणात मराठी वाचू लागले, ते त्यांच्याच हातचे. अलीकडे, २०१३ पासून, मुंबईतील 'एक टाइप' हा अक्षरकारांचा लहानसा समूह भारतीय लिप्यांसाठी अक्षरवळणे घडवीत आहे. त्यांच्या एका गुटगुटीत वळणाचे नावच 'मोदक' आहे आणि ते कोणासही विनामूल्य वापरता येते. विद्यादानाची ही नवी रीत म्हणावयास हवी.

या साऱ्यांत एक गोष्ट समान दिसते. माणसे थोडी, जागा लहान, परंतु कामावर नाव स्वतःचे. मोठ्या पेढीत चूक झाली तर ती कोणाची हे कळत नाही. लहान कलाकक्षात ती लपत नाही.

पत्र्याचा डबा

आता आम्ही आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी देवघराच्या खालच्या फळीवर एक पत्र्याचा डबा असे. उदबत्तीचा पुडा संपला, कापराची पुडी रिकामी झाली, की आजी कात्री घेऊन बसे. वेष्टणावरचे गणपतीचे, दत्ताचे, लक्ष्मीचे चित्र ती कडेने कापून काढी, डोळ्यांना लावी आणि त्या डब्यात ठेवी. उरलेला कागद मग केरात जाई. डबा भरला की एखाद्या चांगल्या दिवशी ती चित्रे नदीत सोडावयाची, हा तिचा नेम. आम्ही मुले हसत असू. "आजी, हा तर नुसता कागद आहे," असे आम्ही म्हटले तर ती म्हणे, "कागद तुझ्यासाठी. ज्याने छापला त्याला कळायला हवे होते, हा कुठे जाणार ते."

तो डबा आज नाही. आजीही नाही. परंतु दीपावलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर फटाक्यांचा लाल कचरा पसरलेला असतो आणि त्यात लक्ष्मीच्या चित्राचा फाटका तुकडा पायाखाली येतो, तेव्हा आम्हाला तिचे ते वाक्य आठवते. आदल्या रात्री जिची षोडशोपचारे पूजा केली, तिचेच चित्र आपण स्वतः पेटविलेल्या वातीने फोडले, याची बोच कोणत्याही भाविकाला लागल्यावाचून राहत नाही. आजीचा रोख या तुकड्यामागील माणसाकडे होता. कोठेतरी एका टेबलाशी बसून कोणीतरी ते चित्र त्या वेष्टणावर बसविले. हे वेष्टण फाडले जाणार, जाळले जाणार, तुडविले जाणार, हे त्याला माहीत होते. तेवढ्यापुरता तो विचार त्याने बाजूला ठेवला.

कायदा या बाबतीत काही अंशी बोलतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमात, धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदता येणार नाही, अशी तरतूद आहे. उदबत्तीसाठी 'रामायण' या नावावर एका व्यापाऱ्याने हक्क सांगितला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निर्णय दिला की, पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणा एकाची मक्तेदारी असू शकत नाही. महाराष्ट्रात २०२२ साली दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी आवश्यक झाली आणि मद्याची विक्री होते अशा जागांना थोर पुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई झाली. ही सारी पावले स्वागतार्ह होत. परंतु नोंदणी नाकारली म्हणून छपाई थांबत नाही. वेष्टणावरचा देव उकिरड्यावर जाऊ नये, याची काळजी कायद्याच्या पुस्तकाने घ्यावी अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही. ती काळजी रेखाटणाऱ्याने घ्यावयाची असते आणि विकत घेणाऱ्याने.

उपवासाचे पीठ

सीमाभागातील अशा एखाद्या लहान कलाकक्षापुढे कोणते काम येत असेल? महिला बचतगटाचे पापड-लोणचे, चिकूच्या सुकविलेल्या चकत्या, उपवासाची भाजणी, दिवाळीचे उटणे. मोठ्या शहरातील नामांकित संस्थांकडे जाण्याची ऐपत या लोकांची नसते. ते जवळच्या तरुण रेखाटनकाराकडे येतात आणि पहिले वाक्य बहुधा हेच असते, "भाऊ, वर देवीचा फोटो टाका. खपायला बरे पडते."

येथे त्या तरुणाने काय करावे? नकार देऊन गिऱ्हाईक घालवावे, असे आम्ही म्हणणार नाही; त्याच्याही घरी चूल आहे. परंतु त्याने दोन प्रश्न विचारावेत. हे पुडके रिकामे झाल्यावर कोठे जाणार? आणि देवीच्या चित्राखाली तुम्ही जे लिहीत आहात, ते खरे आहे काय? पहिल्या प्रश्नाला उपाय सोपा आहे. देवतेच्या मूर्तीऐवजी दीप, कमळ, कलश, आंब्याचे तोरण, गावचा डोंगर, चिकूचे झाड, अशी किती तरी मंगल चिन्हे आहेत. तीही पायदळी पडावीत असे नाही. पण निदान जिच्यापुढे हात जोडले तिचे मुख तरी केरात जात नाही. पंचांगात, पोथीत, घरात लावावयाच्या तसबिरीत देवाचे चित्र अवश्य असावे. जे जपून ठेवले जाणार त्यावर देव, जे फेकले जाणार त्यावर चिन्ह, एवढा साधा नियम पाळला तरी पुरे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. पुडक्यावर 'उपवासाला चालणारे' अशी दोन शब्दांची ओळ असते. एकादशी करणारी माउली ती वाचते आणि निःशंकपणे ते पीठ घरात आणते. ती दळणाच्या जागी जाऊन पाहत नाही. त्याच जात्यावर आधी गहू दळला होता काय, मीठ सैंधव की साधे, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. शाकाहारी पदार्थावर चौकटीत असणारा हिरवा ठिपका तर याहून लहान. परंतु कित्येक घरांत नावाआधी तो ठिपका पाहिला जातो. रंगीत अक्षरे, सोनेरी वेलबुट्टी, मोहक नाव या सर्वांपेक्षा त्या ठिपक्यावर आणि त्या ओळीवर अधिक भार असतो. ती ओळ बसविण्यापूर्वी "ताई, हे नक्की ना?" असे जो विचारतो, तो रेखाटनकार कोणाच्या तरी व्रताचे रक्षण करतो. त्याचे नाव त्या माउलीला कधीच कळणार नाही.

अलीकडे या कामात एक नवी सोय झाली आहे. दोन ओळी लिहून दिल्या की संगणक स्वतः चित्र काढून देतो. वेळ वाचतो, पैसा वाचतो. परंतु देवीच्या हाती कमळ असावे तेथे भलतेच फूल, हातांची बोटे कमीजास्त, 'शुभ दीपावली'तील जोडाक्षरे मोडलेली, असे नमुने सणासुदीला आपण सर्वांनीच पाहिले आहेत. यंत्राला आपण दोष देत नाही. त्याच्या घरी आजी नव्हती. पावले कोणत्या दिशेला वळवावयाची हे त्याला सांगणारे कोणी तरी माणूस हवे. लहान कलाकक्षांचे भवितव्य आम्हाला येथेच दिसते. स्वस्तात आणि झटपट चित्र आता कोठेही मिळेल. हे चित्र येथे शोभते, तेथे शोभत नाही, हे सांगणारा जाणता माणूस मात्र गावातच मिळेल.

पूजेच्या रात्री

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अशा कलाकक्षांतूनही पूजा होत असेल. पूर्वी लेखणी-दौत मांडीत. आज त्यांच्या जागी संगणक असेल, त्यावर हळदकुंकवाचे बोट लागत असेल. पूजा साधनाची असते. परंतु साधनामागच्या बुद्धीचीही ती असते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेत लोककल्याणाचा उच्चार आहे, हे मराठी माणूस विसरत नाही. मुद्रा उमटविणाऱ्याने कशासाठी ती उमटविली, यावर तिची प्रतिष्ठा ठरते. राज्याची मुद्रा असो, वारली सुवासिनीचा चौक असो, वा बचतगटाच्या पापडाची छाप असो.

वाचकांनाही आमची एक नम्र विनंती आहे. यंदा बाजारहाट करताना पुडक्यावरच्या चित्राकडे क्षणभर थांबून पाहा. दोन पुड्यांतून निवड करावयाची असेल तर, ज्याने देवाचे चित्र टाळून केवळ दिवा वा कमळ रेखाटले आहे, त्या पुड्याला प्राधान्य द्या. दुकानदाराला कारणही सांगा. गिऱ्हाइकाचे एक वाक्य दुकानदाराकडून कारखानदाराकडे आणि कारखानदाराकडून रेखाटनकाराकडे पोहोचण्यास वेळ लागतो, पण ते पोहोचते. वारली चित्र घ्यावयाचे झाले तर ते काढणाऱ्याचे नाव विचारून घ्या. आणि फटाक्याच्या वेष्टणावर लक्ष्मी असेल, तर ती माळ दुकानातच राहू द्या.

एवढे झाल्यावर घरी या, उंबरठ्यावर रांगोळी घाला, आणि पावले आत वळवा. ज्या घरात चिन्हाचा मान राखला जातो, त्या घरात श्रीलक्ष्मीचा वास अखंड राहो, आणि चिन्ह घडविणाऱ्या साऱ्या हातांना ती सुबुद्धी व पोटापुरते समाधान देवो, हीच या दीपोत्सवाच्या मंगलप्रसंगी तिच्या चरणी आमची प्रार्थना.